विसाव्या मजल्याची पाटी

सोमवार, ४ मार्च. पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटे. चर्चच्या पायरीवर बसून, पाण्याची टाकी भरण्याची वाट पाहत आहे.

ही वही पाळकसाहेबांनी दिली. म्हणाले, "रोज देवाजवळ किती वेळ शांत बसलास ते हिच्यात लिही. खोटं लिहू नकोस. मी काही वाचणार नाहीये." पुढच्या आठवड्यात मंडळीतल्या सगळ्या सेवकांसाठी टेकडीवरच्या प्रार्थनाघरात दोन दिवसांचे विश्रांती शिबिर आहे. बस ठरवणे, खोल्यांची वाटणी, ध्वनिक्षेपक नेणे-आणणे आणि गीतांची पत्रके एवढे माझ्याकडे आहे. शिबिराचा संयोजक मीच आहे.

वहीला सुरुवात हवी म्हणून स्वतःविषयी लिहितो. मामांच्या दगडकामाच्या कारखान्यात मी अक्षरे कोरतो. शाळा आठवीत सुटली, शुद्धलेखन मात्र सुटले नाही. ते शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंमुळे. या कामाला लागलो तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "कागदावर चुकलास तर खोडता येईल. कबरीवर चुकलास तर माणूस जगाच्या अंतापर्यंत चुकीच्या नावाखाली पडून राहील." तेव्हापासून शब्दकोश माझ्या टेबलावर असतो. मामा म्हणतात, "हा पुस्तकात बघितल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही."

या आठवड्यातले मोठे काम बाईंचेच आहे. त्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले. मंडळी त्यांना किल्लीकाका म्हणायची, कारण चर्चच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत. गायनाचा सराव, हिशेब, खुर्च्या, टाकी, दफनभूमीचे फाटक, सगळे तेच पाहत. दफनविधी झाल्यावर तिथल्या तिथे, माती ओली असतानाच, पाळकसाहेबांनी तो जुडगा माझ्या हातात दिला. आयुष्यात मला मिळालेला तो सर्वांत मोठा मान. आता लोक मला छोटे किल्लीकाका म्हणतात.

बाईंना हल्ली दिसत नाही. उजेड आहे की अंधार, एवढेच कळते. दगडावरचा मजकूर त्यांनी कारखान्यात येऊन तोंडी सांगितला, वर्गात घालायच्या तसा, एकेक शब्द सुटा. नाव, जन्म, मृत्यू. "आणि सगळ्यांत खाली, मोठ्या अक्षरात, एकच शब्द. विसावा. त्याच्यावर छोटा क्रूस."

मी म्हणालो, "बाई, 'प्रभूमध्ये निजले' असं घालायची पद्धत आहे."

"मी घालते ते लिही," त्या म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी दगडाचे अनावरण आहे. वरच्या ओळी झाल्या आहेत, शेवटचा शब्द राहिला आहे. शिवाय एका नव्या उंच इमारतीच्या मजल्यांच्या पाट्या आहेत, आकड्यात, पहिल्यापासून चोविसाव्यापर्यंत. त्यांतल्या शेवटच्या सहा राहिल्या आहेत.

शांत वेळ: टाकी भरेपर्यंतचा धरता आला असता, पण तो ही वही लिहिण्यात गेला.

मंगळवार, ५ मार्च. कारखान्यात, हात धुऊन.

राहिलेल्या पाट्या आणि काकांच्या दगडाचा शब्द, दोन्ही एकाच बैठकीत संपवले. मध्ये बसवाल्याचे फोन, गायकगटाच्या काकूंचे फोन (त्यांना दुसरे गीत वरच्या पट्टीत नको आहे), खुर्च्यावाल्याचा फोन. फोन खांद्याने कानाशी धरून मी बोलत होतो आणि छिन्नी आपली चालत होती. शेवटचे अक्षर कधी संपले ते आठवतसुद्धा नाही. अशी एकाग्रता मला प्रार्थनेत कधी लाभत नाही. देवाचे आभार मानले.

तपासल्याशिवाय मी दगड सोडत नाही. सोनेरी रंग भरून झाल्यावर सगळे मोठ्याने वाचून पाहिले, कारण बाईंचा नियम आहे, डोळा फसतो, कान फसत नाही. सगळे बरोबर निघाले. पाट्याही वाचल्या. एकोणिसावा, विसावा, एकविसावा. त्याही बरोबर. संध्याकाळी साइटवर गेल्या.

शांत वेळ: कोरतानाचा धरावा का, हे पाळकसाहेबांना विचारायचे आहे.

बुधवार, ६ मार्च. दुपार.

दगड बसला. बसवून झाल्यावर गवंडी पाणी प्यायला आणि म्हणाला, "हे खाली विसावा कशाला लिहिलंय?"

मला वाटले, सेवेची संधी आहे. मी त्याला नीट समजावून सांगितले. माणूस आयुष्यभर ओझे वाहतो, थकतो, आणि शेवटी देव त्याच्या खांद्यावरून ते उतरवून घेतो, तो विसावा. शेवटी मी आमेनही म्हणालो.

गवंड्याने दगडाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "असेल बुवा," तो म्हणाला. "तुमच्यात असेल तसं."

मग आम्ही पांढरे कापड गुंडाळून दोरी बांधली.

बायको सकाळी म्हणाली, "अहो, काल झोपेत तुम्ही दोनदा म्हणालात, 'बंधुभगिनींनो, खुर्च्या मागे सरकवा.' मी सरकले. भिंतच लागली मला." ती हसली. मला हसू आले नाही, कारण खुर्च्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

गुरुवार, ७ मार्च. सकाळी अकरा.

नऊच्या सुमारास इमारतीच्या साइटवरच्या साहेबाचा फोन आला.

"विसाव्या मजल्याची पाटी कोणी केली?"

"मी केली. काय झालं?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? सगळ्या पाट्या आकड्यात आणि ही एकच अक्षरात! वर क्रॉस! लिफ्ट अजून चालू नाही, माणसं सामान घेऊन जिन्याने चढतात. तिथे पोचली की पाटी बघतात आणि बसकण मारतात. मुकादम ओरडला तर म्हणतात, पाटीवरच लिहिलंय की, विसावा! कालपासून एकविसाव्यावर एक वीट गेली नाही माझी!"

मामा शेजारीच होते, फोनमधला आवाज त्यांना ऐकू जात होता. ते हसू लागले ते खोकला लागेपर्यंत. "अरे, राहायला येणाऱ्यांना मेल्यावरची पाटी दिलीस! आता चोविसाव्यावर स्वर्ग लिहून दे, म्हणजे दर दुप्पट लावतील."

मी साहेबाची माफी मागितली. दुसरी पाटी देतो म्हणालो. फोन ठेवला. मामा डोळे पुसत होते आणि पुसता पुसता थांबले.

"काय रे," ते म्हणाले. "तो शब्द तिथे गेला. मग इथला कुठे गेला?"

मी सायकल काढली. दफनभूमीच्या फाटकाची किल्ली कुलपात जाईना. दोरीची गाठ मीच मारलेली, मलाच सुटेना. शेवटी कापड खालून वर गुंडाळले.

२० वा.

दोन, शून्य, नियमाप्रमाणे थोडी मोकळी जागा, आणि वा. वर ना क्रूस ना काही. काम उत्तम झाले होते. इतके गोल शून्य मी आजवर कोरले नव्हते. रंग कुठेही ओघळलेला नव्हता. वर काकांचे नाव, त्यांचा जन्म, त्यांचा मृत्यू, सगळे निर्दोष, आणि खाली, सर्वांत मोठ्या अक्षरात, २० वा.

हेच मी मंगळवारी मोठ्याने वाचले होते. कानाला बरोबरच लागले. याच शब्दावर काल मी गवंड्याला प्रवचन दिले. त्याला आकडा दिसत होता. मला दिसत नव्हता.

हात माझा आहे. खडूची आखणी माझ्या वळणाची आहे. डोळे उघडे होते. मग मी कुठे होतो?

गुरुवार, संध्याकाळ. घरी.

गायनाच्या सरावाला गेलो. पाचही गीतांना कीबोर्ड वाजवला आणि एकदाही चुकलो नाही. याचाच मला आता जास्त धक्का बसला आहे. म्हणजे मी नसतानाही मी वाजवतो.

बायकोला सांगितले. म्हणालो, "माझ्या हातून दगडावर चूक झाली."

ती म्हणाली, "बरं झालं."

दोन वर्षांच्या संसारात ती असे कधी बोलली नव्हती.

"दगडावर झाली ना," ती म्हणाली. "सायकल घेऊन ट्रकखाली नाही गेलात. मी वर्षभर त्याचीच वाट बघतेय." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती रागावली होती की काय, कळले नाही. विचारणार होतो, पण बसवाल्याचा फोन आला.

शांत वेळ: नाही.

शुक्रवार, ८ मार्च.

मामांनी दगड पाहिला. बोट फिरवले. "दगडाची भुकटी आणि रेझिन भरून वरून पुन्हा कोरता येईल," मी म्हणालो. "आजचा दिवस आणि उद्याची दुपार आहे."

"कोरशील. आणि उन्हात ते ठिगळ लांबूनच दिसेल. पँटच्या मागे लावल्यासारखं. काळा दगड काही झाकून घेत नाही." मामा चर्चला फारसे येत नाहीत. आले तरी बाहेरच्या कट्ट्यावर बसतात. "नवीन दगड मंगळवारशिवाय येत नाही. जा, बाईंना सांग."

"मामा, त्यांना मी काय सांगू?"

"सांग, तुमच्या नवऱ्याला वरचा मजला मिळालाय." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "जा रे. देवाची हमाली करतोस ना एवढी, मग एक ओझं इकडून तिकडे न्यायला काय होतं?"

आधी पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर जेवणाचे ताट होते, झाकलेले, दुपारचे. एक फोन कानाला, दुसरा टेबलावर वाजत होता. सगळे ऐकून त्यांनी दोन्ही फोन उलटे ठेवले.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, मामांना आणि हिला."

त्यांच्या डोळ्यांखाली काळे दिसत होते, किंवा दिवा तसा असेल. "अनावरण पुढे ढकलता येणार नाही, बाहेरगावचे पाहुणे यायचेत. असं कर. मोठं पुष्पचक्र करून घे. खालच्या ओळीवर टेकवून ठेवू. पुढच्या आठवड्यात दगड बदलून टाक. आणि बाईंना तर तसंही..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. माझ्याकडेही पाहिले नाही. मग म्हणाले, "बसचं नक्की झालं का?"

मी म्हणालो, झाले. पुष्पचक्र सांगितले. मोठ्यांतले मोठे.

बाईंना दिसत नाही, हे मला पुष्पचक्राचे माप देताना नीट कळले. दुकानदार विचारत होता, "किती झाकायचंय?" आणि मी हात पसरून दाखवत होतो.

शनिवार, ९ मार्च. आता सगळे संपले आहे. क्रमाने लिहितो.

दुपारी बाईंना न्यायला गेलो, कारण त्यांना आणण्याचे कामही माझ्याकडेच होते. त्या तयार होऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"निघायचं का बाई? उशीर होईल."

"बस."

"बाई, खुर्च्या अजून..."

"बस म्हटलं ना. बसलेला तू कसा ऐकू येतोस तेच मी विसरले." मी बसलो. "दगड कसा झालाय?"

"चांगला."

"वाच."

मी पाठ म्हणून दाखवले. काकांचे नाव. जन्म. मृत्यू. मग थोडा थांबलो आणि म्हणालो, "विसावा."

त्यांचा चेहरा असा काही सैल झाला की मला तो पाहवेना. मी एक अक्षरही खोटे बोललो नव्हतो. जे कोरले होते तेच वाचले होते. एवढ्यावर उठलो असतो, हात दिला असता, पुष्पचक्र टेकवले असते, तर जन्मात कोणी मला खोटारडा म्हणू शकले नसते. आणि मला कळत होते की याहून मोठे खोटे मी कधी बोललो नाही.

"आता शेवटचा शब्द फोडून सांग," बाई म्हणाल्या. वर्गात त्या असेच करायच्या. संशय होता म्हणून नाही, सवय.

मी म्हणालो, "वि." आणि जीभ अडली.

"पुढे?"

"बाई, वि नाहीये. दोन."

"काय दोन?"

"दोन. शून्य. वा."

बाईंनी मांडीवर बोटाने ते गिरवून पाहिले.

"आकडा?" त्यांनी विचारले. "दगडावर?"

"हो बाई."

मला आधी वाटले त्या हसत आहेत. ते हसणे नव्हते. मी उठून उभा राहिलो, काय करावे ते सुचेना, पुन्हा बसलो. मग सगळे सांगितले. मजल्यांच्या पाट्या, फोन, एका बैठकीत संपवलेले काम, मोठ्याने वाचणे, पुष्पचक्रसुद्धा. पाळकसाहेबांचे नाव घेणार नव्हतो, तेही तोंडून निघून गेले.

"डोळे उघडे होते तुझे?"

"होते."

"आणि तू नव्हतास."

मी मान हलवली, मग आठवून 'हो' म्हणालो.

"हेही असेच," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर जेवायला बसायचे आणि नसायचे. पानात काय वाढलंय ते विचारलं तर खाली बघून सांगायचे. मी म्हणायचे, अहो, रविवारी तरी माझ्या शेजारी बसा. तर म्हणायचे, रविवारी कसा बसू? रविवार मीच उघडतो." त्यांनी पदराने डोळे पुसले. "सराव संपवून सभेला निघाले आणि पायरीवर कोसळले. मी पोचले तेव्हा मूठ मिटलेली होती. किल्ल्या काढायला दोन माणसं लागली. सगळे म्हणाले, काय भाग्यवान, सेवेत गेले. आणि दफन होताच त्या तुझ्या हातात दिल्या. माझ्या देखत. मला दिसत नव्हतं, पण आवाज ओळखते मी त्या जुडग्याचा."

"बाई, तो माझा मोठा मान होता."

"ठाऊक आहे. म्हणून तर तेव्हा बोलले नाही." त्यांनी पदर सारखा केला. "सगळे मला म्हणतात, किती सुंदर शब्द निवडलात. सुंदर कसला? टोमणा होता तो, यांना. चाळीस वर्षं मी देत होते, घेतला नाहीत. आता घ्या दगडाकडून."

मी थक्क झालो. कबरीवर टोमणा! आजवर मी शेकडो दगड कोरले असतील. त्यांच्यावर काय काय लिहून गेलो असेन, कोण जाणे.

"आता काय करायचं बाई?"

"आता जायचं. हात दे."

दफनभूमीत बरीच मंडळी जमली होती. पुष्पचक्र इतके मोठे होते की त्याच्या आडून मला वाट दिसत नव्हती. बाईंनी चाचपडून त्याला हात लावला आणि म्हणाल्या, "हे शेजारच्या कबरीवर ठेव. तिथे कोणी येत नाही." पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी ठेवले.

पाळकसाहेबांनी दोरी ओढली. कापड पडले. त्यांनी नाव वाचले, तारखा वाचल्या, आणि शेवटचा शब्द वाचला, "विसावा," अगदी नेहमीच्या भरल्या आवाजात. डोळे मिटून ऐकणाऱ्यांनी 'आमेन' म्हटले. ज्यांचे डोळे उघडे होते ते म्हणाले नाहीत.

मागून कुजबुज आली. "विसावा म्हणजे कितवा?"

"कितवा काय, विसावाच."

"अहो पण विसावा काय? विसावा कोण?"

कोणीतरी नाकातून हसले. माझे कान तापले. जमीन दुभंगायला हवी होती, आणि जागाही तशीच होती.

"हसा," बाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण अर्धी मंडळी त्यांच्या हातची शिकलेली आहे. सगळे सरळ उभे राहिले. "चूक या मुलाची आहे. त्याने मला सांगितली, लपवली नाही. याने माझ्या वर्गात कधी एक काना चुकवला नव्हता. झोपेत कोरलंय त्याने हे. वर्षभर तो झोपेतच आहे आणि तुम्ही त्याला छोटे किल्लीकाका म्हणून टाळ्या देता. मोठ्याचं काय झालं ते समोर आहे. वाचता येत असेल तर वाचा." मग माझ्याकडे हात पसरला. "किल्ल्या."

मी दिल्या. दुसरे काय करणार? बाईंनी मागितले की वहीसुद्धा अशीच द्यायचो. त्यांनी जुडगा पर्समध्ये टाकला आणि पर्स बंद केली. तो 'टक्' आवाज सगळ्यांनी ऐकला.

पाळकसाहेब खाली वाकून म्हणाले, "बाई, उद्या उपासना आहे. चर्च कोण उघडणार?"

"ज्याला आत जायचंय तो."

"आणि शिबिर? पुढच्या आठवड्यातलं?"

"विश्रांतीचं ना? मग झोपा की घरी. त्याला बस कशाला लागते?" पुन्हा कोणीतरी हसले, पण या वेळी वेगळे. "किल्ल्या माझ्या घरी आहेत. एकेकाने यावं, एकेक घेऊन जावी. दोन कोणाला मिळणार नाहीत. पाळकसाहेब, तुम्हालाही एकच."

पाळकसाहेब शेजारच्या कबरीच्या कडेवर, त्या पुष्पचक्राशेजारी बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले. लोकांना वाटले प्रार्थना करत आहेत, म्हणून सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली.

निघताना बाई मला म्हणाल्या, "दगड नवा करायचा. चूक ती चूक, शुद्धलेखनात मी कोणाला सोडलेलं नाही. पण आधी झोप. डोळे तांबडे असताना छिन्नीला हात लावलास तर याद राख. मामांना विचारीन मी."

घरी येताना माझा हात सारखा खिशाकडे जात होता. तिथे काही नव्हते. सगळ्या मंडळीसमोर माझा मान गेला आणि बायको शेजारून चक्क गुणगुणत चालत होती. मी विचारले, "तुला काहीच वाटत नाही का?"

"वाटतंय ना," ती म्हणाली आणि पुन्हा गुणगुणू लागली.

शांत वेळ: लिहायचे धैर्य नाही.

रविवार, १० मार्च. किती वाजले होते ते सांगायची लाज वाटते.

जाग आली तेव्हा ऊन पलंगाच्या पायाशी आले होते. घरात कोणी नव्हते. मी ताडकन उठलो. टाकी! खुर्च्या! कीबोर्डची वायर! शर्टाची बटणे वर-खाली लावली आणि धावत सुटलो. कोपऱ्यापाशी गाणे ऐकू आले आणि पाय थांबले.

कीबोर्ड नव्हता. गीत फार वरच्या पट्टीत सुरू केले होते, काकूंना जे नको होते तेच. तिसऱ्या कडव्यात स्वर कोसळला. आता थांबतील, मला वाटले. थांबले नाहीत. खाली उतरले आणि तिथून पुढे गात राहिले. मी भिंतीला हात लावून ऐकत होतो. माझ्याशिवाय बंद पडेल असे मला रोज वाटत होते. ते सुरूच होते. याचा आनंद व्हायला हवा होता. मला तर छातीत कोणीतरी बुक्की मारल्यासारखे झाले.

दार उघडे होते. आत आलो आणि कुठे जावे ते कळेना. पुढे माझे काही काम नव्हते. बायकोशेजारी बसावे म्हणून शोधू लागलो, आणि तेव्हा मला सगळ्यांत मोठा धक्का बसला. ती कुठे बसते हे मला माहीत नव्हते. दोन वर्षे एकाच चर्चमध्ये, आणि मी तिला एकदाही बसलेली पाहिली नव्हती. माझी नेहमी पाठ असते. दाराशी उभा राहून मी परक्यासारखा एकेक बाक पाहत गेलो.

खांबाजवळ, मागून चौथ्या बाकावर होती. तिच्या शेजारी जागा होती आणि त्या जागेवर तिची पिशवी ठेवलेली होती. मला पाहून ती दचकली नाही. पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी बसलो.

"ही पिशवी नेहमी इथे असते?" मी कानात विचारले.

"गाणं चालू आहे," ती म्हणाली. समोरच पाहत होती. तिची हनुवटी थोडी हलत होती.

पाळकसाहेबांचा उपदेश आज फारच छोटा झाला. सुरुवातीची दोन वाक्ये आणि लगेच आशीर्वाद. मी डोळे मिटून प्रार्थना करत होतो. पहिल्यांदाच लिहितो, शांत वेळ: संपूर्ण उपदेशभर. बायको म्हणते, प्रार्थनेत कोणी घोरत नाही.

आठवड्याचा खर्च: पुष्पचक्र, साडेचारशे.
देणे: मामांना, विसाव्या मजल्याच्या नव्या पाटीचे. बाईंना, एक दगड. बायकोला, आजचे अर्पण. थैली फिरली तेव्हा तिने दोघांचे टाकले आणि मला उठवले नाही.